वापरलेली कॅनॉपी घेताना: नव्या स्कायडायव्हरसाठी पायरीपायरीने

ए लायसन्स, म्हणजे स्कायडायव्हिंगचा पहिला परवाना, हातात पडलं की काही आठवड्यांत कॅनॉपीबद्दल, म्हणजे पॅराशूटच्या डोक्यावर उघडणाऱ्या कापडी पंखाबद्दल, प्रश्न येतो: "एक कॅनॉपी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" हा प्रश्न शेवटचा असायला हवा आणि बहुतेक जण तो सगळ्यात आधी विचारतात. जाहिरात दिसते, किंमत पटते, रंग आवडतो आणि मग आपलं वजन त्या आकारात कसं बसवायचं याची गणितं सुरू होतात. आधी कळस, मग पाया. कॅनॉपीच्या बाबतीत हा उलटा क्रम घोटा आणि कंबर मोडतो, कधी जिवावरही बेततो. पूर्ण उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या कॅनॉपीखाली जमिनीवर आदळून जखमी होणारे लोक प्रत्येक मोठ्या ड्रॉप झोनवर (उड्या मारायच्या आणि उतरायच्या जागी) पाहायला मिळतात.

हा लेख २५ ते २०० उड्यांदरम्यान असलेल्या आणि पहिली स्वतःची मेन (मुख्य) कॅनॉपी सेकंडहँड घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं अमेरिकेतली आहेत, कारण वापरलेल्या सामानाचा बाजार तिथे मोठा आहे आणि तिथे राहणारे आपले बरेच लोक यूएसपीएच्या (अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या) लायसन्सवर उडतात. स्पेन, थायलंड किंवा दुबईत शिकला असाल तर नियमांचे आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगतो. लेख वाचून प्रश्न विचारायला शिकता येतं. निर्णय तुमचं लँडिंग पाहिलेल्या प्रशिक्षकाबरोबर आणि कापड हातात घेतलेल्या रिगरबरोबरच (पॅराशूट तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाबरोबर) करायचा.

पायरी १: जाहिराती बंद ठेवा, आधी वजन करा

सगळं या एका आकड्यावर उभं आहे: एक्झिट वेट. म्हणजे विमानातून बाहेर पडताना तुमचं असेल ते एकूण वजन. अंगावरचे कपडे, बूट, हेल्मेट, ऑल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र), रिझर्व्हसकट (राखीव पॅराशूटसकट) पूर्ण रिग, म्हणजे पाठीवरचा सगळा संच, सगळं धरून. घरच्या काट्यावर सकाळी उपाशीपोटी आलेला आकडा इथे चालत नाही. ड्रॉप झोनवर भाड्याची रिग पाठीवर घालून काट्यावर उभे राहा.

हे जमत नसेल तर शरीराच्या वजनात १२ किलो मिळवा. मोठी कॅनॉपी आणि मोठा कंटेनर (पॅराशूट बसवायची पाठीवरची पिशवी) असेल तर १३-१४ सुद्धा होतात. किलोचे पाउंड करायला २.२ ने गुणा. हे पाउंड कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागले की विंग लोडिंग मिळतं.

एक उदाहरण घेऊ. ७२ किलोचा माणूस, १२ किलो सामान, एकूण ८४ किलो, म्हणजे साधारण १८५ पाउंड.

२१० चौरस फुटांवर: ०.८८
१९० वर: ०.९७
१७० वर: १.०९
१५० वर: १.२३

नव्या माणसासाठी १.० किंवा त्याखाली, ही सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा. म्हणजे या माणसाचा शोध १९० पासून वर. १७० नाही, "१७० आहे पण मोठी वाटते" ही तर नाहीच.

सावधान: वजन कमी असलेल्यांनी १.० चा आकडा डोळे मिटून वापरू नये. ५१ किलोच्या मुलीचं एक्झिट वेट साधारण ६३ किलो, म्हणजे १३९ पाउंड. कागदावर तिला १४० ची कॅनॉपी "बरोबर" बसते. पण लहान कॅनॉपीच्या लाइन (दोऱ्या) आखूड असतात, त्यामुळे तेच विंग लोडिंग असूनही ती १९० पेक्षा कितीतरी चटकन वळते आणि वळताना जास्त उंची खाते. अशा वेळी १७० (०.८२) पासून सुरुवात करून प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून १५० (०.९३) कडे जाणं शहाणपणाचं. "तू हलकी आहेस, तुला लहान चालेल" हे वाक्य ड्रॉप झोनवर फार सहज बोललं जातं. ते ऐकून सोडून द्या.

जागेची उंचीही हिशेबात धरा. कोलोरॅडोत लाँगमाँटसारख्या ठिकाणी जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फुटांवर आहे. हवा विरळ, म्हणून तीच कॅनॉपी तिथे सुमारे ८ टक्के जास्त वेगाने जमिनीकडे येते. ॲरिझोनाच्या उन्हाळी दुपारीही हवा तापून असाच परिणाम होतो. अशा जागी नेहमी उडणार असाल तर आकार एक पायरी वरचा धरा.

पायरी २: तो आकडा माणसाला दाखवा

आता कागदावर एक आकार आहे. तो तुमची लँडिंग प्रत्यक्ष पाहणाऱ्या प्रशिक्षकाकडे न्या. ड्रॉप झोनवर सेफ्टी आणि ट्रेनिंग ॲडव्हायझर असतो, त्यालाही विचारा. मित्रांचं मत इथे धरू नका, विशेषतः ज्याला स्वतःची जुनी कॅनॉपी विकायची आहे त्याचं.

प्रशिक्षकाशी बोलण्याआधी स्वतःला हे विचारून पाहा. सध्याच्या भाड्याच्या कॅनॉपीवर:

वारा नसताना तुम्ही पायांवर उभे राहून उतरता का?
आडव्या वाऱ्यात सरळ रेषेत उतरता येतं का?
जमिनीजवळ अचानक कोणी समोर आलं तर उंची न गमावता, ब्रेकमध्ये राहून (दोन्ही ब्रेक थोडे ओढून ठेवून) सपाट वळण घेता येतं का?
ठरवलेल्या जागेच्या आसपास दहापैकी आठ-नऊ वेळा उतरता का, की जिथे जागा मिळेल तिथे?

यातल्या एखाद्याचं उत्तर अडखळत आलं तर आकार कमी करायचा नाही. आहे त्याच आकारात वापरलेली कॅनॉपी घ्या. बी लायसन्ससाठी यूएसपीएचं कॅनॉपी प्रोफिशियन्सी कार्ड लागतंच. ते ज्या कॅनॉपी कोर्समध्ये भरतात तो खरेदीच्या आधी करा, नंतर नको. कोर्समध्ये तुम्हाला कळेल की तुम्ही फ्लेअर (उतरताना वेग मोडायला दोन्ही ब्रेक ओढणं) उंचावर करता की उशिरा, आणि ते कळल्यावर कॅनॉपीची निवड बदलते.

"घेऊन ठेवतो, हळूहळू सवय होईल" हा विचार मनात आला तर थांबा. लहान कॅनॉपी कपाटात ठेवली तरी पहिल्या मोकळ्या शनिवारी ती बाहेर येतेच.

तपासा: पुढच्या पायरीवर जाण्याआधी तुमच्याकडे तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. एक्झिट वेट, सर्वांत लहान चालणारा आकार, आणि तो मान्य करणाऱ्या प्रशिक्षकाचं नाव.

पायरी ३: प्रकार ठरवा

एकाच आकाराच्या दोन कॅनॉपी अगदी वेगळ्या वागू शकतात. १७० ची सौम्य कॅनॉपी आणि १७० ची जलद कॅनॉपी यांत आकडा सोडला तर काही सारखं नसतं.

घडण. नव्या माणसासाठी सौम्य निमुळती किंवा जवळजवळ आयताकृती. सेल म्हणजे कॅनॉपीतले हवा भरणारे कप्पे. ९ सेलमध्ये परफॉर्मन्स डिझाइन्सची सेबर २, एरोडाइनची पायलट, सफायर २ ही नावं जाहिरातीत वारंवार दिसतील. ७ सेलमध्ये स्पेक्टर आणि ट्रायथलॉन. ९ सेल जास्त लांब सरकते आणि तिचा फ्लेअर ताकदीचा असतो. ७ सेल थोडी तिरकी उतरते, पण उघडताना शांत आणि सरळ राहते. पहिल्या कॅनॉपीसाठी दोन्ही चालतात, पण सवय ९ सेलची असेल तर ७ सेलवर लँडिंगचा पॅटर्न पुन्हा आखावा लागेल हे लक्षात ठेवा. स्टिलेटो, कटाना, क्रॉसफायर, व्हेलॉसिटी ही जलद कॅनॉपींची नावं दिसली की जाहिरात पुढे सरकवा. स्वस्त असली तरी, आणि खास करून स्वस्त असली तर.

कापड. आजच्या कॅनॉपी बहुतेक झेडपी, म्हणजे हवा आरपार न जाऊ देणाऱ्या कापडाच्या असतात. काही हायब्रिड असतात, वरचं कापड झेडपी आणि खालचं साधं. जुन्या जाहिरातींत एफ-१११ कापडाच्या कॅनॉपी दिसतात, कधी फार कमी किमतीत. काहीशे उड्यांनंतर हे कापड हवा सोडू लागतं. कॅनॉपी उघडते, उडतेही, पण फ्लेअर ओढल्यावर खाली काही उरलेलं नसतं. पूर्ण एफ-१११ ची मेन पहिली कॅनॉपी म्हणून घेऊ नका. मोजक्याच उड्या झालेली असेल आणि तुमचं लोडिंग अगदी कमी असेल, तर ती रिगरने ठरवायची गोष्ट आहे.

लाइन. इथे थोडं थांबू, कारण खर्च आणि धोका दोन्ही इथे लपलेले असतात.

डॅक्रॉन जाड असते, थोडी ताणते, त्यामुळे उघडणं मऊ वाटतं. टिकाऊ. पॅक मात्र मोठा होतो.

स्पेक्ट्रा, जिला मायक्रोलाइनही म्हणतात, बारीक आणि मजबूत, पण स्लायडर (उघडताना लाइनवरून खाली सरकणारा चौकोनी कापडाचा तुकडा) घासून तापला की आकसते. सगळ्या लाइन सारख्या आकसत नाहीत. ज्या लाइन स्लायडरच्या कडीला जास्त घासतात त्या जास्त आकसतात, म्हणजे बाहेरच्या लाइन आणि ब्रेक लाइन. हळूहळू कॅनॉपीचा ट्रिम (लाइनच्या लांबीचं ठरलेलं प्रमाण) बिघडतो, उघडणं वाकडं होतं, फ्लेअर कमजोर पडतो.

व्हेक्ट्रान आणि एचएमए आकसत नाहीत. ट्रिम टिकून राहतो. पण झिजतात, आणि झिजलेली लाइन फारसा इशारा न देता तुटू शकते. म्हणून या लाइनवर किती उड्या झाल्या हा प्रश्न आणखी महत्त्वाचा.

पायरी ४: कंटेनरमध्ये बसते का

कंटेनर आधीच घेतला असेल तर त्याच्या उत्पादकाच्या तक्त्यात पाहा की मेनसाठी कोणता आकार धरला आहे. कंटेनर घेतलेला नसेल तर आधी कॅनॉपी आणि मग कंटेनर, असा क्रम ठेवा. उलटं केलं की कंटेनर लहान म्हणून लहान कॅनॉपी घ्यावी लागते. नाकापेक्षा मोती जड.

कॅनॉपी जास्त मोठी असेल तर कंटेनर बंद करायला जोर लागतो, बॅग (घडी केलेली कॅनॉपी ठेवायची आतली पिशवी) घट्ट अडकते आणि बाहेर येताना त्रास देते. जास्त लहान असेल तर क्लोजिंग लूप (कंटेनर बंद ठेवणारा, पिन अडकवायचा दोरीचा फास) सैल राहतो आणि पिन आपोआप सुटून कॅनॉपी नको तेव्हा उघडू शकते. दोन्ही वाईट. "सैल बसते, लूप आखूड करू" हा उपाय रिगरला विचारल्याशिवाय करू नका.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात राहत नाहीत. एक, आकार मोजण्याची पद्धत सगळ्या कंपन्यांची सारखी नाही. एका कंपनीची १७० आणि दुसरीची १७० पॅक केल्यावर वेगळी भरते, म्हणून चौरस फुटांबरोबर पॅक व्हॉल्यूमही पाहा. दोन, डॅक्रॉन लाइन लावलेली कॅनॉपी बारीक लाइनच्या कॅनॉपीपेक्षा बॅगमध्ये जास्त जागा घेते. आज आरामात बसणारी कॅनॉपी उद्या लाइन बदलल्यावर बसेनाशी होऊ शकते, किंवा याच्या उलटही.

पूर्ण रिग एकत्र घेत असाल तर रिझर्व्हचा आकारही मेनइतक्याच काटेकोरपणे पाहा. रिझर्व्हखाली तुम्ही कदाचित जखमी किंवा गोंधळलेल्या अवस्थेत, अनोळखी जागेत उतरणार असता. मेन १९० आणि रिझर्व्ह १२६ अशी जोडी नव्या माणसाच्या पाठीवर शोभत नाही. एएडी (रिझर्व्ह आपोआप उघडणारी यंत्रणा) असेल तर तिची उत्पादन तारीख आणि उरलेलं आयुष्य विचारा. संपत आलेली एएडी किमतीतून वजा करायची.

पायरी ५: आता जाहिरात उघडा, आणि विचारा

विक्रेत्याला पहिल्याच संदेशात हे सगळं विचारा. तुकड्या-तुकड्यांनी विचारलं की उत्तरंही तुकड्यांत येतात आणि नेमकं हवं तेच राहून जातं.

मॉडेल, आकार, सिरियल नंबर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष.
कापडावर एकूण किती उड्या?
आत्ताच्या लाइनसेटवर किती उड्या? लाइन कोणत्या प्रकारच्या? शेवटच्या कधी बदलल्या, कोणी बदलल्या?
ब्रेक लाइनचा खालचा भाग वेगळा बदलला आहे का?
एकही पॅच किंवा दुरुस्ती आहे का? कुठे, कोणी केली?
समुद्रात, तलावात, चिखलात उतरली आहे का? कधी धुतली आहे का?
तुम्ही कितवे मालक?
किमतीत काय काय येतं? स्लायडर, लिंक (लाइन आणि रायझरचा जोड), बॅग, पायलट शूट (कॅनॉपी बाहेर ओढणारी छोटी पॅराशूट), रायझर (लाइन आणि खांद्यावरचे पट्टे जोडणारे पट्टे)?
रिगरकडे तपासणीसाठी पाठवायला तयार आहात का?

"कापडावर ६०० उड्या" आणि "लाइनवर ६०० उड्या" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट सांभाळलेली झेडपी कॅनॉपी हजाराहून जास्त उड्या सहज काढते, लाइन मात्र त्याआधीच बदलाव्या लागतात. ६०० उड्यांची, ५० उड्यांपूर्वी लाइन बदललेली कॅनॉपी ही ४०० उड्यांच्या मूळ लाइनवर चाललेल्या कॅनॉपीपेक्षा चांगली खरेदी ठरू शकते. कमी उड्यांचा आकडा पाहून भुलू नका.

"साधारण ३०० असतील" असं उत्तर आलं तर लॉगबुक दाखवायला सांगा. मिळालं नाही तर भाव ठरवताना आकडा जास्तच धरा.

सावधान: फसवणूक या बाजारातही आहे. दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो उचलून लोक पैसे मागतात. विक्रेत्याला सांगा: एका कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिही, तो कागद कॅनॉपीच्या सिरियल लेबलशेजारी ठेव आणि फोटो पाठव. खऱ्या विक्रेत्याला याला दोन मिनिटं लागतात. मिळालेला सिरियल नंबर उत्पादकाकडे पाठवून तपासा: मॉडेल आणि तारीख जुळते का, चोरीची नोंद आहे का, त्या क्रमांकांवर काही सर्व्हिस बुलेटिन (दोषाबद्दल उत्पादकाची सूचना) निघालं होतं का.

पायरी ६: पैशांची व्यवस्था

सगळ्यात सुरक्षित मार्ग असा. विक्रेता कॅनॉपी तुमच्या ड्रॉप झोनवरच्या रिगरकडे पाठवतो, तुम्ही पैसे रिगरकडे किंवा सामानाच्या दुकानाकडे ठेवता, तपासणी पार पडली की पैसे विक्रेत्याला जातात. पाठवणीचा आणि परत पाठवण्याचा खर्च कोण करणार, तपासणीला किती दिवस, डेमो उडी (घेण्याआधीची चाचणी उडी) चालेल का, आणि उडीत काही नुकसान झालं तर कोण भरणार, हे सगळं आधी लिखित ठरवा. साधा ईमेल पुरतो. तपासणीचा खर्च तुमचा, तो वाचवायचा विचार करू नका.

हे शक्य नसेल तर पेपॅलचा खरेदी-विक्रीचा पर्याय वापरा, मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवण्याचा नाही. दुसऱ्या पर्यायात पैसे गेले की परत मागायला जागा राहत नाही. "दोन जण रांगेत आहेत, आज पैसे टाक" म्हणणाऱ्याला नम्रपणे सोडून द्या. १९० च्या कॅनॉपी बाजारात येतच राहतात.

पायरी ७: कापडाला हात लावताना

तपासणी रिगर करेल, पण तुम्ही शेजारी उभे राहा. एका कॅनॉपीची नीट तपासणी पाहिली की पुढचे कितीतरी सौदे स्वतःच नाकारता येतात. जागा स्वच्छ, कोरडी आणि भरपूर उजेडाची हवी. उन्हात अंथरू नका, नायलॉनचा पहिला शत्रू ऊन आहे.

लेबल. मधल्या सेलच्या आसपास शिवलेलं किंवा छापलेलं असतं. सिरियल नंबर जाहिरातीतल्याशी अक्षर न अक्षर जुळवा.

वरचं कापड. मधल्या सेलच्या तोंडाजवळचा भाग सगळ्यात जास्त हाताळला जातो, म्हणून झीज तिथे आधी दिसते. कापड उजेडासमोर धरा, टाचणीएवढी भोकं लगेच दिसतात. मग कापड ओठांना लावून श्वास आत ओढून पाहा. झेडपी कापडातून हवा येताच कामा नये. हीच कसोटी मध्ये, कडेला आणि टेलजवळ (मागच्या कडेजवळ), तीन ठिकाणी करा. रंगही पाहा. एकाच बाजूचा रंग फिका असेल तर ती कॅनॉपी बराच काळ उन्हात पडलेली होती.

डाग. लालसर माती धुतल्याने जाते. पण पिवळट, कडक झालेला, कडा जळल्यासारख्या दिसणारा डाग असेल तर आम्लाचा संशय घ्या. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेल्या कॅनॉपीवर असा डाग पडतो. आम्ल नायलॉनला आतून कुजवतं. अशा डागावर अंगठे ठेवून हलकेच ताणून पाहायचं काम रिगरचं, तुमचं नाही. मीठ वाळल्याची पांढरट पावडर शिवणीत दिसली तर समुद्राचा प्रश्न पुन्हा विचारा.

सेलच्या आतून. तोंडातून आत पाहा. आतल्या पडद्यांवर गोल झरोके असतात, सेलमधली हवा एकमेकांत जाण्यासाठी. त्यांच्या कडा फाटलेल्या आहेत का? लाइन जिथे कापडाला जोडलेली आहे तिथल्या शिवणी सुटत आहेत का? फाटलेली शिवण दुरुस्त होते, पण मोठ्या दुरुस्तीला मास्टर रिगर लागतो आणि तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा.

स्लायडर. चारही कोपऱ्यांतल्या धातूच्या कड्यांच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा फिरवा. तंतू कुठे अडकला तर तिथे धारदार ओरखडा आहे, आणि तो प्रत्येक उघडण्यात लाइन कापतो आहे. कडी कापडात फिरत असेल तर शिवण सैल झाली आहे. स्लायडरच बदलता येतो, महाग नाही, पण तोवर लाइनचं किती नुकसान झालं हे पाहावं लागेल.

लाइन. बोटांमधून एक-एक लाइन हळूहळू ओढा. केसाळ झालेला भाग बोटांना आधी कळतो, डोळ्यांना नंतर. दोन लाइन एकत्र येतात त्या जोडांवर आणि लिंकच्या वरच्या फूटभर भागात जास्त लक्ष द्या. मग ब्रेक लाइन. टॉगल (ब्रेकचं हँडल) अडकवायचं छोटं भोक असतं, त्याच्या वरखालचा भाग दोन्ही बाजूंनी पाहा. मेन कॅनॉपीवर आधी तुटते ती बहुतेकदा हीच जागा. डाव्या आणि उजव्या ब्रेक लाइनची टोकं एकत्र धरून सारख्याच ताणावर जुळवा. फरक डोळ्यांना दिसला तर रिगरला मोजायला सांगा.

ट्रिम. रिगर लाइन ताणून उत्पादकाच्या तक्त्याशी मापं जुळवेल. स्पेक्ट्रा असेल तर हे करून घ्याच. मापं सुटली असतील तर कॅनॉपी वाईट ठरत नाही, तिला नव्या लाइन हव्या आहेत एवढंच. नवा लाइनसेट बसवायला साधारण ३०० ते ५०० डॉलर लागतात. तो आकडा पेनाने लिहून विक्रेत्यासमोर ठेवा.

लिंक. धातूच्या असतील तर नट पूर्ण घट्ट, आटे दिसत नाहीत. कापडी असतील तर झिजलेल्या किंवा चपट्या झालेल्या नकोत.

तपासा: रिगरचा अभिप्राय लेखी घ्या. "ठीक आहे" पुरेसं नाही. लाइनवर अंदाजे किती उड्या उरल्या आणि लगेच काय बदलावं लागेल, हे दोन प्रश्न विचारा.

पायरी ८: डेमो उडी

जमिनीवर चांगली वाटलेली कॅनॉपी हवेत तपासल्याशिवाय घेऊ नका. रिगरने जोडणी केलेली, ब्रेक नीट लावलेले, लाइनमध्ये गुंता नसल्याची खात्री केलेली असावी. दिवस शांत वाऱ्याचा निवडा. पहिल्या उडीत मित्रांबरोबर फॉर्मेशन करू नका, एकट्याने उडा आणि ५,००० फुटांवर उघडा. उंच उघडणार आहे हे मॅनिफेस्टला (विमानात कोण जाणार याची यादी करणाऱ्यांना) आणि विमानातल्या सगळ्यांना आधी सांगा, बाहेर पडण्याचा क्रम त्यावरून ठरेल.

हवेत या क्रमाने पाहा.

उघडताना एकाच बाजूला वळली का? पहिल्यांदा वळली तर शरीराचा तोल कारण असू शकतो. तीन उड्यांत तीनदा त्याच बाजूला वळली तर लाइनची मापं पुन्हा तपासा.

ब्रेक सोडा, हात वर. ब्रेक लाइन मागे सैल वळलेली दिसली पाहिजे. ती ताठ असेल आणि टेलचा कोपरा खाली ओढलेला असेल तर ब्रेक लाइन आखूड झाल्या आहेत. पुढचे रायझर किंचित ओढून पाहा. टेल खाली आली किंवा कॅनॉपी थरथरली तरी अर्थ तोच.

हात सोडून काही सेकंद सरळ उडू द्या. हार्नेसमध्ये सरळ बसलेले असूनही ती स्वतःहून वळते का?

मग ९० अंशांची वळणं, ब्रेकमधली वळणं आणि तीन-चार पूर्ण फ्लेअर. फ्लेअरची ताकद टॉगल कुठे आल्यावर सुरू होते ते लक्षात ठेवा. जमिनीजवळ हे शोधायला वेळ नसतो.

सावधान: हा सगळा खेळ उंचीवर संपवायचा. ए लायसन्ससाठी यूएसपीएने निर्णयाची उंची २,५०० फूट सांगितली आहे. तिथे पोहोचेपर्यंत कॅनॉपी ताब्यात नसेल, फ्लेअर होत नसेल, तर शिकवलेली आपत्कालीन कृती करायची, म्हणजे मेन सोडून रिझर्व्ह उघडायचा. "डेमो आहे, दुसऱ्याची कॅनॉपी आहे, कापून टाकली तर पैसे भरावे लागतील" हा विचार त्या क्षणी येऊ नये, म्हणूनच नुकसानीचं आधी लिहून घेतलं होतं.

किमान तीन डेमो उड्या करा. पहिल्या लँडिंगमध्ये सगळे थोडे घाबरलेले असतात. तिसऱ्यात कॅनॉपी खरी कशी आहे ते कळतं. शक्य असेल तर कोणाला तरी लँडिंगचं चित्रण करायला सांगा आणि ते प्रशिक्षकाबरोबर पाहा.

पायरी ९: भाव

आता घासाघीस. याआधी नको, कारण आधी भाव ठरला की तपासणीत निघालेलं प्रत्येक कारण तुम्हाला लहान वाटू लागतं. नव्या कॅनॉपीची आजची किंमत घ्या, त्याच मॉडेलच्या, त्याच वयाच्या तीन-चार वापरलेल्या कॅनॉपींचे भाव पाहा. त्यातून लाइनचा, स्लायडरचा आणि दुरुस्तीचा खर्च वजा करा. जुनं मॉडेल म्हणून भाव पाडायचा असेल तर पाडा, पण सुरक्षित जुनं मॉडेल घ्यायला घाबरू नका. सेबर २ नंतर नवी आवृत्ती आली म्हणून सेबर २ उडायची थांबलेली नाही.

बजेट कमी पडत असेल तर भाड्याच्या सामानावर आणखी काही महिने उडा. त्या उड्या वाया जात नाहीत.

पायरी १०: हातात आल्यावर

जोडणी रिगरकडूनच करून घ्या. नवीन क्लोजिंग लूप, रायझरशी जुळणारी ब्रेकची मापं, कोलॅप्सिबल (कॅनॉपी उघडल्यावर मिटणारी) पायलट शूट असेल तर तिच्या किल लाइनची (तिला मिटवणाऱ्या दोरीची) लांबी. किल लाइनही आकसते, आणि आकसली की पायलट शूट पूर्ण फुगत नाही. बॅग कॅनॉपीच्या आकाराची आहे ना हेही पाहा.

अमेरिकेत रिझर्व्ह दर १८० दिवसांनी प्रमाणित रिगरने पॅक केलेला असावा लागतो. मेन पुढची उडी मारणाऱ्याने स्वतः पॅक केली तरी चालते, पण तिलाही १८० दिवसांची मर्यादा आहे. नवी कॅनॉपी पहिल्यांदा पॅक करताना शेजारी अनुभवी माणूस ठेवा. झेडपी कापड निसटतं आणि भाड्याच्या जुन्या कॅनॉपीवर बसलेला हात इथे काही दिवस अडखळतो.

कॅनॉपी भारतात आणून ठेवणार असाल तर पावसाळ्याचा विचार करा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या ओलसर कपाटात रिग महिनोन्महिने पडली की वास धरते, डाग पडतात, धातूच्या लिंकवर गंज चढतो. कोरडी, अंधारी, हवेशीर जागा हवी, आणि शेजारी डांबरगोळ्या, ॲसिडच्या बाटल्या किंवा गाडीची बॅटरी नको.

पहिल्या दिवशीच लॉगबुकच्या शेवटच्या पानावर लिहा: सिरियल नंबर, खरेदीची तारीख, कापडावरच्या उड्या, लाइनवरच्या उड्या, रिगरने सांगितलेली पुढच्या तपासणीची वेळ. दर २५ उड्यांनी ब्रेक लाइनची ती भोकाजवळची जागा पाहा आणि तारीख टाका.